शर्झा, घुबड आणि मीरचा अजगर

जंजिऱ्याच्या तटाजवळ होडी अगदी खेटून जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. राजपुरीच्या बाजूने शिड वळते, आणि मग एकदम तो समोर येतो. दरवाजाच्या भिंतीत दगडावर एक पशू कोरलेला आहे. मांजराने उंदीर दाबावेत तसे त्याने पंजांत हत्ती दाबून धरले आहेत. आमची शाळा याच किनाऱ्यावरची, त्यामुळे सहलीच्या निमित्ताने हा पशू आम्ही अनेकदा पाहिला आहे. वाटाडे ठरलेला अर्थ सांगतात: हा सिंह म्हणजे सिद्दी आणि हे हत्ती म्हणजे त्याने पाणी पाजलेले राजे. मुले टाळ्या वाजवतात आणि पुढे कलालबांगडी तोफेकडे धावतात.

पण थांबून पाहिले तर हा प्राणी सिंह नाही. वाघही नाही. कोकणात सिंह कधी फिरला? ज्या पाथरवटाने तो कोरला त्याने जिवंत सिंह पाहिला असण्याची शक्यता फार कमी. मग हा आला कुठून? आमचे उत्तर असे की तो जंगलातून आलेला नाही, पुस्तकातून आला आहे. संस्कृत वाङ्मयात शरभ नावाचा प्राणी आहे, सिंहालाही भारी पडणारा. महाभारतात त्याला आठ पाय आहेत. फारसी शायरीत चवताळलेल्या सिंहाला ‘शेर-ए-शर्झा’ म्हणतात. दख्खनच्या सुलतानांनी ही प्रतिमा उचलली आणि तिचे जणू निशाणच केले. बिदरच्या किल्ल्याला शर्झा दरवाजा आहे, १५०३ चा. विजापूरला शर्झा बुरूज आहे आणि तिथली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी याने ओतली. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती. आदिलशाहीत शर्झाखान हा किताब होता. जंजिरा निजामशाहीचा, म्हणजे त्याच घराण्यातला. त्याच्या दरवाजावर तेच निशाण आले यात नवल नाही. संस्कृतातला शरभ आणि फारसीतला शर्झा एकाच दगडात बसले आहेत, आणि कोणता कुठे संपतो हे सांगणे अवघड आहे.

साहित्यातल्या प्राण्याला चेहरा देणे, किंवा माणसाला, त्यातही कधी कधी साहित्यिकाला, प्राण्याचा चेहरा देणे हा आपल्याकडचा फार जुना खेळ आहे. आम्ही उर्दू शिकवतो, मराठीत लिहितो. दोन्हीकडे या खेळाच्या खुणा सापडतात. अशा प्रत्येक चित्रापुढे उभे राहिले की आम्हाला एकच प्रश्न पडतो, कुंचला कोणाच्या हातात होता? शर्झाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. किल्ल्याच्या धन्याने स्वतःचे चित्र स्वतःच काढून घेतले. धनी स्वतःला उंदीर थोडाच म्हणणार!

या खेळाचे मूळ पुस्तक सगळ्यांना ठाऊक आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात इराणला गेले. बादशहा नौशेरवानचा हकीम बुर्झोय याने ते पहलवी भाषेत नेले. तिथून ७५० च्या सुमारास इब्नुल मुकफ्फाने त्यांना अरबीत आणले, तेव्हा त्यांची नावे कलीला आणि दिम्ना झाली. मग बाराव्या शतकात नसरुल्लाह मुन्शीची फारसी, पंधराव्याच्या शेवटी हेरातच्या हुसेन वाइज काशिफीची ‘अन्वार-ए-सुहैली’, १५८८ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून अबुल फज्लने सोपी करून लिहिलेली ‘इयार-ए-दानिश’, आणि फोर्ट विल्यम कॉलेजात हफीजुद्दीन अहमद यांनी केलेली उर्दू ‘खिरद अफरोज’. इकडे मराठीत ‘पंचोपाख्यान’ होतेच. ते १८२२ मध्ये मुंबईत छापले गेले आणि १८२८ मध्ये बापू छत्रे यांची इसापनीती आली. एकाच गावातली दोन मुले, एक मराठी शाळेत दमनक वाचते, दुसरे उर्दू शाळेत दिम्ना, आणि दोघांना वाटते की गोष्ट आपलीच. दोघांचेही खरे आहे.

इब्नुल मुकफ्फाच्या प्रस्तावनेतला एक मुद्दा मात्र आम्हाला फार मोलाचा वाटतो. पुस्तकाचे हेतू सांगताना तो म्हणतो की, बोलणाऱ्या प्राण्यांमुळे तरुण पोरे पुस्तकाकडे ओढली जातील. दुसरा हेतू असा की प्राण्यांच्या रंगीत चित्रांनी राजेलोकांचे मन रमेल, आणि तिसरा, त्यामुळे पुस्तकाच्या नकला होत राहतील आणि ते जुने पडणार नाही. म्हणजे चित्र ही नंतर कोणी चिकटवलेली सजावट नव्हती. ती लेखकाच्या मनात पहिल्यापासून होती. तेराव्या शतकातल्या अरबी प्रतींत हे कोल्हे आपल्याला दिसतात. एकमेकांच्या कानाशी लागलेले, डोळ्यांत दरबारी लबाडी. मोगलांच्या चित्रशाळेत त्यांची आणखी सुंदर चित्रे झाली. जहांगीर शहजादा असताना सुरू झालेली आणि १६१०-११ मध्ये पुरी झालेली अन्वार-ए-सुहैलीची प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याआधीची, १५७५ च्या सुमाराची काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

इब्नुल मुकफ्फाचा शेवट वाईट झाला. चाळिशीच्या आतच बसऱ्याला त्याला हालहाल करून मारले. कारण असे सांगतात की खलिफा मन्सूरच्या एका चुलत्यासाठी त्याने अभयपत्राचा मसुदा लिहिला आणि तो इतका पक्का लिहिला की खलिफाला शब्द फिरवायला जागाच ठेवली नाही. दरबाराबद्दल त्याने कोल्ह्यांच्या तोंडून जे म्हटले ते चालून गेले. स्वतःच्या कलमाने सरळ लिहिले ते जिवावर बेतले.

चित्राचा विषय निघाला की आमच्या पालकांपैकी काहींच्या मनात एक शंका असते, ती टाळून पुढे जाणे बरे नाही. जिवंत वस्तूची तस्वीर काढावी की नाही? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना आमची मुले बसतात, तेव्हा पाने-फुले आणि नक्षी ती अप्रतिम काढतात, पण स्मरणचित्रात बैल आला की हात अडखळतो. ही शंका खोटी नाही. ती श्रद्धेतून येते आणि तिची टिंगल करणारे आम्ही नव्हे. पण तिच्या जोडीने दुसरीही परंपरा आहे हे मुलांना कळायला हवे. आईन-ए-अकबरीत अकबराचे म्हणणे नोंदवले आहे की, चित्रकार जिवंत प्राण्याचा एकेक अवयव काढतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही, आणि म्हणून प्राण देणाऱ्याची आठवण त्यालाच सर्वांत जास्त होते. पटो न पटो, हा विचार कोणा परक्याचा नाही.

आता घुबड. आमच्या मते या सगळ्या चित्रांत सर्वांत कडवट चित्र हेच आहे, आणि त्याचा संबंध थेट आमच्या किनाऱ्याच्या माणसांशी पोचतो.

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबशांच्या मुलखात जन्मला. लहानपणी विकला गेला, बाजारामागून बाजार फिरला, शेवटी निजामशाहीचा पेशवा चिंगीजखान याने त्याला विकत घेतले. पुढे हाच गुलाम निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जी नंतर औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. मराठा घोडेस्वारांना हाताशी धरून त्याने मोगलांच्या अजस्र फौजांना डोंगरांतून पळवून पळवून दमवले. शहाजीराजे याच शाळेत तयार झाले. जंजिऱ्याचे सिद्दी हेही निजामशाहीच्या हबशी सरदारांच्याच परंपरेतले. जहांगीर आणि अंबर समोरासमोर कधी आले नाहीत, पण बादशहाच्या आठवणींच्या पुस्तकात अंबरचे नाव शिवीशिवाय फारसे येत नाही. शिवी बहुधा त्याच्या रंगावरून.

१६१६ च्या सुमारास अबुल हसन या थोर चित्रकाराने जहांगीरसाठी एक चित्र काढले. ते आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. मासा, माशावर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल आणि गोलावर जहांगीर उभा. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचे शीर खोवलेले, आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. शिरावर एक घुबड बसले आहे, दुसरे मरून खाली लटकते आहे. चित्रावर बारीक अक्षरात फारसी ओळी आहेत. त्यांचा रोख असा की अंबर म्हणजे रात्र, उजेडाला भिणारे घुबड, आणि बादशहा म्हणजे उजेड.

घुबड का? याचेही उत्तर पुस्तकात आहे. कलीला व दिम्नामध्ये, म्हणजे आपल्या पंचतंत्राच्या काकोलूकीयात, सगळे पक्षी मिळून घुबडाला राजा करायला निघतात. अभिषेकाची तयारी होते. तेवढ्यात कावळा येतो आणि म्हणतो, मोर, हंस असताना हा दिवसाआंधळा, भेसूर तोंडाचा राजा कशाला? अभिषेक मोडतो. घुबडाचा गुन्हा काय? चेहरा. बस्स, एवढाच. मोगल दरबारात ही गोष्ट तोंडपाठ होती, तिची चित्रे निघालेली होती. हबशी गुलाम राज्य चालवतो म्हणजे घुबडाच्या डोक्यावर मुकुट, हे पाहणाऱ्याला सांगावे लागले नसेल. कुंचला असामान्य होता यात शंका नाही. घुबडाचे एकेक पीस पाहत राहावे असे आहे. पण इतके सुंदर काढलेले इतके हलके चित्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

आणि ते खोटेही होते. त्या शिराला बादशहाचा बाण कधीच लागला नाही. १६२४ मध्ये भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा मिळून पराभव केला. १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो आपल्या मरणाने गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूची नोंद करताना जहांगीरच्याच दरबाराचा इतिहासकार मोतमदखान लिहून गेला की, लढाईत, हुकमतीत, शहाणपणात आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती, आणि शेवटपर्यंत तो मानाने जगला. शिवी देणाऱ्यांच्याच दफ्तरात ही कबुली सापडते. चित्र मात्र जगभर छापले जाते, ती नोंद कोणी वाचत नाही.

दिल्लीच्या शायरांनी हाच खेळ वेगळ्या रीतीने खेळला. मीर तकी मीर (१७२३–१८१०) म्हणजे दुःखाचा बादशहा, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण याच मीरने घरातल्या मोहिनी नावाच्या मांजरीवर मसनवी लिहिली. कुत्रा, शेळी, माकडाचे पिल्लू, कोंबड्यांच्या झुंजी लावणारे शौकीन, कोणालाही त्याने सोडले नाही. त्याच्या ‘अजगरनामा’ या मसनवीची गंमत मुहंमद हुसेन आझाद यांनी ‘आब-ए-हयात’ (१८८०) मध्ये सांगितली आहे. तीत मीर स्वतः अजगर झाला आहे आणि समकालीन शायर बाकीचे जीवजंतू, कोणी उंदीर, कोणी विंचू. डोंगराच्या पायथ्याशी अजगर राहतो. सगळे मिळून त्याच्यावर चालून येतात. अजगर एकच श्वास ओढतो आणि सगळे गडप. मीरने हे भर मुशायऱ्यात वाचले. ज्यांना उंदीर केले तेही समोरच बसलेले! तिथेच शाह हातिम यांचे शागीर्द मुहंमद अमान निसार यांनी बसल्या बसल्या शेर रचून ऐकवला की आपण या अजगराचा जबडा दोन्ही हातांनी फाडून काढू. मुशायऱ्यात हशा उसळला आणि मीरसाहेब वरमले, असे आझाद सांगतात. आझादांना किस्सा रंगवायची हौस होती हे मान्य. पण या किश्श्यातली मुख्य गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. अंबरला त्या चित्राचे उत्तर देण्याची सोय नव्हती. निसारला होती. उंदराच्या हातातही कलम होते.

मीरचा समकालीन सौदा (मृत्यू १७८१) याने एका मरतुकड्या घोड्यावर कसीदा लिहिला. कसीदा म्हणजे खरे तर स्तुती. राजा-अमीरांसाठी राखलेला हा थाटाचा प्रकार त्याने हाडे मोजता येतील अशा घोड्यासाठी वापरला, आणि वाचणाऱ्याला कळते की हा घोडा म्हणजे मोडकळीला आलेली मोगल फौज. घोड्याला हसता हसता दिल्लीचे रडू येते.

विसाव्या शतकात पतरस बुखारी (१८९८–१९५८) यांनी तर शायरांचाच मुशायरा गल्लीतल्या कुत्र्यांकडून भरवला. रात्री एक कुत्रा मिसरा टाकतो, समोरच्या बंगल्यातून दुसरा मतला अर्ज करतो, आणि हलवायाच्या चुलीतून एक जुना उस्ताद उडी मारून अख्खी गझल म्हणून टाकतो. उर्दूच्या प्राध्यापकांना राग यावा असे हे लेखन. पण राग येत नाही, कारण लेखक मुशायऱ्यावर जीव टाकणारा आहे हे ओळीओळीत दिसते. मराठीत याच्या अगदी जवळचे आम्हाला काही आठवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ (१९८२) वानरांच्या टोळीतून माणसांची सत्ता दाखवते, पण ते हसवत नाही, अंगावर काटा आणते.

या सगळ्यात प्राण्यांचे स्वतःचे म्हणणे काय? तेही एकाने लिहून ठेवले आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या ‘इख्वानुस्सफा’ या गुप्त विद्वन्मंडळाने एका बेटावरची कथा रचली. जहाज फुटून माणसे बेटावर येतात, तिथल्या प्राण्यांना जुंपू लागतात. प्राणी जिन्नांच्या राजाकडे फिर्याद नेतात. वकिलांची नेमणूक होते, आणि हिंस्र पशूंचा वकील म्हणून उभा राहतो तो कलीला, दिम्नाचा भाऊ! जुन्या पुस्तकातले पात्र नव्या पुस्तकात साक्षीला येते, ही कल्पनाच किती गोड. मौलवी इक्राम अली यांनी १८१० मध्ये ही कथा उर्दूत आणली आणि पुढे हिंदुस्थानी शिकणाऱ्या इंग्रज साहेबांना ती परीक्षेला असे. ज्यांनी देश जुंपला त्यांनी बैलाची फिर्याद पाठ करावी, हा योगायोग कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

आमच्या किनाऱ्याचा उर्दू साहित्याशी आणखी एक धागा आहे. जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमदखान यांच्या बेगम नाझली आणि त्यांच्या बहिणी झोहरा व अतिया फैजी यांच्यामुळे मुरूडला एके काळी मोठमोठ्या साहित्यिकांचा राबता होता. शिबली नोमानी इथे पाहुणे म्हणून राहिले. इक्बाल आणि अतिया यांची ओळख १९०७ मध्ये लंडनला झाली. जंजिऱ्याला येण्याचे निमंत्रण इक्बालना होते, येणे झाले नाही. अतियांनी त्यांची पत्रे १९४७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने छापली आणि फाळणीनंतर तिन्ही बहिणींपैकी नाझली व अतिया कराचीला गेल्या. इक्बालनी मुलांसाठी लिहिलेले कोळी आणि माशी, डोंगर आणि खार, गाय आणि शेळी आज आमच्या वर्गात असतात. त्यांपैकी बऱ्याच कविता इंग्रजीवरून घेतलेल्या आहेत, खारीची इमर्सनवरून, आणि तसे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पुढे त्यांनी स्वतःसाठी शाहीन निवडला, उंच कड्यावर राहणारा, घरटे न बांधणारा ससाणा. मोठ्या कवीचा शाहीन मोठाच. पण नववीच्या मुलांना खार जास्त आवडते, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

मध्यंतरी नववीला आम्ही एक काम दिले. अभ्यासक्रमातला किंवा बाहेरचा कोणताही साहित्यिक घ्या आणि तो प्राणी असता तर कोणता असता ते काढा. अट एकच: ज्याला काढाल त्याने ते पाहून हसावे, त्याच्या मनाला लागू नये. गालिब बहुतेकांनी आंब्याच्या झाडावर बसवला. कोणी पोपट केला, कोणी खार, आणि आंबा अर्थात हापूस. मीर मांजर झाला, मोहिनीमुळे. पतरस कुत्र्यांच्या मध्ये हातात वही घेऊन. इक्बालचा ससाणा काढायला अवघड, म्हणून दोघांनी आपल्याकडची समुद्री घार काढली, चोचीत बोंबील. एका मुलाच्या घरी तस्वीर चालत नाही. त्याने बहिणाबाईंची सुगरण घेतली आणि पक्षी न काढता नुसता लोंबणारा खोपा काढला. त्याच्याइतके गवताचे विणकाम वर्गात कोणाला जमले नाही.

एका मुलीने साहित्यिक घेतलाच नाही. आम्ही वर्गात दाखवलेले डब्लिनचे चित्र तिच्या डोक्यातून गेले नव्हते. तिने घुबड काढले, पण भाल्यावरच्या शिरावर नाही. खडकीच्या तटावर, दख्खनी पागोटे घातलेले, डोळे उघडे. खाली दूरवर मोगलांच्या छावणीत दिवे मिणमिणत आहेत. साहित्यिक कुठे आहे असे विचारले तर म्हणाली, सर्वांत वर नाव लिहिले आहे ना, मोतमदखान. त्याच्याच ओळींवरून काढले आहे.